वायरमनच्या घरातला कंदील

४ जून

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे, हे आधीच विचारून घेते, कारण पुढे नुसती चिडचिड आहे.

धाकटी गाण्याच्या स्पर्धेत पुढच्या फेरीत गेली, म्हणून वाहिनीचे लोक घरी चित्रीकरणाला आले. बाबांनी त्यासाठी दोन दिवस खपून भिंती रंगवल्या होत्या. त्या लोकांनी फ्रिज जिन्यात नेला, दिवे बंद केले आणि गाडीतून एक कंदील आणून धाकटीसमोर ठेवला. बाबा म्हणाले, अहो, मी वायरमन आहे. त्यावर उत्तर मिळालं, काका, तुम्ही फक्त खिडकीकडे बघा.

आज आमच्याच पेपरात ‘कंदिलाच्या उजेडात घडलेला सूर’ असा मथळा आहे. कार्यक्रम दाखवला तेव्हापासून लोक बाबांना म्हणतात, आधी स्वतःच्या घरात वायर ओढा. तीन दिवस ते कामावर गेलेले नाहीत. आणि संपादक मला सांगतात, तू सख्खी बहीण, पुरवणीसाठी त्या कंदिलावर लिही. खरं लिहिलं तर धाकटीला स्पर्धेतून काढतील. तुम्ही पत्रकारिता शिकवलीत, म्हणून तुम्हालाच विचारते, काय करू?

तुमची भाची

९ जून

चि. भाचीस,
अ. उ. आ.

गुडघा ठीक, डोकं ठिकाणावर नाही. कार्यक्रमाच्या शेवटी नावं धावतात, ती मी थांबवून वाचली. तो कंदील आणणारा लेखक माझ्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा. बावीस वर्षं मी सांगत आले, की खोलीत शिरलात की एक वस्तू शोधा, तिच्यावरून माणूस कळतो. ती वस्तू आपणच बाहेरून आणून ठेवू नका, हे सांगायचं सुचलंच नाही. कुणाला सुचलं असतं?

पण करमणूकवाल्यांपेक्षा राग तुमच्या पेपराचा. त्या वायरमनची मुलगी तिथेच टेबलाशी बसते आणि घरात वीज आहे का, एवढं तिला कुणी विचारू नये? खोटी गरिबी दाखवली की खऱ्या गरिबाचंही कुणाला खरं वाटत नाही, हे त्यांच्या गावीही नाही.

तुझे मामा म्हणतात, पोरीला भडकवू नकोस, धाकटीची संधी जाईल. त्यांचंही खरं आहे. म्हणून लिही, पण छापायला देण्याआधी धाकटीला आणि बाबांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखव. नको म्हणाले तर फाडून टाक. माझ्या वर्गात हा नियम होता; त्या दिवट्याने नेमका तोच तास बुडवला असावा.

रागातही लोभ तेवढाच,
मामी

१९ जून

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. धाकटी नखं खात ऐकत होती. मग म्हणाली, ताई, रॉकेलच्या वासाने मला ठसका लागला होता, तेही घाल. बाबांनी एकच चूक काढली: भिंत पांढरी नाही, फिकट पिवळी आहे.

संपादकांनी लेख परत केला. दुसऱ्या पेपराने तो वाचकांच्या पत्रांत छापला, खाली आम्हा तिघांच्या सह्या. धाकटीला काढलं. ती एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी असा सूर लावला, की वरचे शेजारी खाली आले. मला हवामानाच्या रकान्यावर बसवलंय. तिथे निदान कुणी पाऊस गाडीतून आणत नाही.

बाबा सोमवारपासून कामावर जातात. काल तुमच्या विद्यार्थ्याचा फोन आला, कंदील इथेच राहिला, परत हवा. बाबांनी त्यात बल्ब बसवून तो दाराबाहेर टांगलाय. ते फोनवर त्याला शांतपणे म्हणाले, खुशाल घेऊन जा, फक्त आता तो लावायला घरात वीज लागते.

लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमची भाची