यमूनं दिवा काऊन विझवला

भाऊजी,

तुमी झोपले होते म्हणून लिहून ठेवते. यमूले घेऊन नदीवर धुणं धुवायले चालली. दहाव्याचं सामान आणायले डोणगावले जाल तर खाऊन जा, भाकरी टोपलीत झाकली आहे. द्वारका गेली त्या जागेवरचा दिवा मी पुन्हा लावला. सासूबाई अपशकुन म्हणतील, तर म्हणू द्या.

काल दिवेलागणीले पोरीनं तो फुंकला अन् तुमी तिले मारलं. काऊन फुंकला, हे कोणी विचारलंच नाही. मी सकाळी वेणी घालताना विचारलं.

मी बालवाडीत लेकराईले उजेड-अंधाराचं चित्राचं पुस्तक दाखवते. त्याईनं अंधाराले भेऊ नये म्हणून. एका पानावर कंदील जळते अन् माय भांडे घासते. पान उलटलं का सारं काळं, अन् माय लेकराच्या बाजूले निजलेली. पोरं दर खेपेले ओरडतात, "दिवा गेला, माय आली!" यमूचा आवाज सगळ्याईच्या वर. घरी तिची माय द्वारकाही तसंच करे, कंदील मालवला का मग यमूजवळ निजे.

आता हा दिवा दिवस-रात जळते, म्हणून माय येत नाही, असं वाटलं तिले.

तुमी मारलं तेव्हा ती गोधडीच्या काठाले अंग चोरून पडली होती. भेली नव्हती, भाऊजी. बाजूले जागा ठेवली होती.

आज तिथं तुमी निजा.

कलावहिनी