मामाचा अंगठा

बुधवार, सकाळी

ती. मामास,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. घालणार नाही. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि मनातूनही वाकावंसं वाटत नाही.

आई ठीक. बाबांनी माझ्यासाठी बाथरूममध्ये स्टूल ठेवलंय आणि रोज स्वतःच त्याला धडकतात. तू पाठवलेली फळं मिळाली, निरोपही मिळाला: ‘प्लास्टर निघालं की लगेच मैदानावर ये, पुढची स्पर्धा तोंडावर आलीय.’ फळं मी शेजारी देऊन टाकली.

नडगीचं दुखणं मला तूच शिकवलंस. हाडाच्या आतल्या कडेने वीतभर ठणकलं, तर धावणं थांबवायचं, बर्फ लावायचा, पोहायचं, झिजलेले बूट फेकायचे, पोटऱ्या बळकट करायच्या. मग मऊ मातीवर हळूहळू सुरुवात. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ आली, तर हाड तडकत असेल, आधी डॉक्टर. म्हणून तर सरावाआधी आम्हाला पायऱ्यांवर ओळीने बसवून तू प्रत्येकीच्या नडगीवरून अंगठा दाबत न्यायचास. ‘मामा बासरी वाजवतोय’ म्हणून आम्ही खिदळायचो.

पहिल्यांदा मला वीतभर दुखलं, तेव्हा तू सक्तीने पोहायला धाडलंस. बरी झाले. दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा निवडचाचणी जवळ आली होती. मी म्हटलं, “मामा, या वेळी वेगळंच दुखतंय रे.”

“सगळ्यांनाच दुखतं गं. पट्टी बांध.”

डॉक्टरीणबाईंनी चाचणीनंतर अंगठा टेकवला मात्र, मी किंचाळले. “आधी कुणी दाबून पाहिलं नाही?” त्यांनी विचारलं. आई पटकन म्हणाली, “हिचा मामा रोज बघतो की!”

बघतो तर. माझ्या डावीकडचीची नडगी बघतो, उजवीकडचीची बघतो. मधे मी आले, की त्याला शिट्टीची दोरी सोडवायची असते. रोज! मला वाटायचं, घाईत असशील. आता पडल्यापडल्या लख्ख कळलं. तू दाबलं असतंस तर तुला समजलं असतं, आणि समजल्यावर मला थांबवावं लागलं असतं. भाची पहिली येणार म्हणून चार लोकांत सांगून बसला होतास ना!

आले पहिली. रेषेपलीकडे पाय टेकवेना, म्हणून कोसळले. तू मला खांद्यावर घेऊन सगळ्यांना दाखवत होतास आणि मी “मामा, खाली ठेव” म्हणून ओरडत होते. तुझा इतका संताप येतो, की तुझा आवाज फोनवर ऐकला तरी दातओठ खाते. परका प्रशिक्षक असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

हाड जुळेल म्हणतात. मी धावणार आहे. तुझ्याकडे की दुसरीकडे, ते तू ठरव. रविवारी घरी ये. आईसमोर सांग, की तुला ठाऊक होतं. सबबी नकोत. मग प्लास्टर निघेल त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्यापुढेच पाय करीन. दाब. किंचाळले तरी अंगठा काढू नकोस.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
भाची