स्केलबीची उशी

लंडन,
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

श्रीमती गार्स्टँग यांना डेनिस पार्गेटरचा सादर नमस्कार.

आपलं पत्र मिळून पाच आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. इकडे सगळं ठीक आहे. थंडी लवकर पडली, गुडघे कुरकुरतात, आणि माझ्या निवडक लेखांचं पुस्तक वसंतात निघणार म्हणून प्रकाशक खूश आहेत. आपली तब्येत कशी आहे? स्केलबीला बर्फ पडायला लागलं का?

आपण एवढंच विचारलंत, की आपले यजमान विल्फ्रेड संसदेच्या सभागृहात खरंच झोपायचे का. नऊ वर्षांपूर्वी ते निवडणूक हरले, दोन वर्षांपूर्वी गेले. “मी झोपत नव्हतो,” असं शेवटपर्यंत सांगत राहिले आणि आपण हसत राहिलात. आता ते हसू आपल्याला खातं, असं आपण लिहिलंय.

बाई, तीस वर्षं मी एकच काम केलं. कायदा काय झाला ते दुसरे लिहितात. कोण कसा उठला, कुणाची जीभ अडखळली, कुणाचा मोजा घसरला, ते मी. सकाळच्या चहाबरोबर लोकांना हसवायचं, एवढाच माझा धंदा. वरच्या पत्रकारकक्षातून मला आपले यजमान दिसायचे. तिसऱ्या बाकाच्या टोकाला, डोळे मिटलेले, मान कलंडलेली. ते स्केलबीचे खासदार, म्हणून मी त्यांना ‘स्केलबीची उशी’ म्हटलं आणि ते चिकटलं. पुढे निवडणुकीत विरोधकांनी भिंतीभिंतींवर उशांची चित्रं चिकटवली, त्यात माझा काय दोष? मिटलेल्या डोळ्यांमागे काय चाललंय ते मला वरून कसं कळणार?

असं एक उत्तर मी लगेचच लिहिलं होतं. “होय, झोपायचे, पण फार निरागस झोपायचे.” म्हणजे आपल्या मनाला आपल्या हसण्याचा बोल लागू नये. पाकीट बंदही केलं होतं.

टाकलं नाही, कारण मधेच एक गोष्ट घडली. सभागृहात बाकांच्या पाठीत, कानाच्या उंचीवर, छोटे स्पीकर बसवलेले आहेत. आमच्या कक्षातही आहेत. हल्ली मला कमी ऐकू येतं. एका मंगळवारी पंतप्रधान उत्तरं देत होते आणि खाली नुसता बाजार भरला होता, म्हणून मी स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटले. पंतप्रधानांचा आवाज आला नाही. श्वास ऐकू आला. सावकाश, म्हाताऱ्या माणसाचा. पलीकडूनही कुणीतरी कान लावून बसलं असावं तसा.

“झोपलास की काय रे डेनिस?” शेजारच्या मॉरीनने कोपर मारलं. “थांब, उद्या तुझ्यावरच लिहिते.”

मी खाली पाहिलं. सभागृह खच्चून भरलेलं, माणसं पायऱ्यांवर बसलेली, आणि तिसऱ्या बाकाच्या टोकाची जागा रिकामी. नंतर दारावरच्या हॉजला विचारलं. तो म्हणाला, “तिथं कुणी टिकत नाही साहेब. नवीन मंडळी बसतात, पाच मिनिटांत उठतात. म्हणतात, शेजारी कुणीतरी अगदी लक्ष देऊन ऐकतंय असं वाटतं. या सभागृहात त्याची सवय कुणाला आहे?”

तो हसला. मला हसू आलं नाही. त्यानंतर रोज कान लावतो आणि रोज तो श्वास असतो. आज दुपारी मी हळूच म्हटलं, “गार्स्टँग?” श्वास थांबला. पुढचं ऐकायला माणूस थांबतो तसा. मला भीती वाटते, बाई.

तो कशासाठी थांबलाय ते मला ठाऊक आहे. १९८४ साली यजमानांनी मला जिन्यात गाठलं होतं. “पार्गेटर, बावीस वर्षं गिरणीत मागावर होतो, कान गेलेत माझे. डोळे मिटून स्पीकरला कान लावतो, झालं. बहिरा म्हणून लिहू नका, तिकीट जाईल. एवढंच लिहा, की हा माणूस जागा असतो. घरी कॉनीसुद्धा हसते हो.”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी छापलं : “आपण झोपत नाही, असं श्री. गार्स्टँग यांनी मला स्वतः सांगितलं. झोपेतच सांगितलं.” त्या लेखाला बक्षीस मिळालं. पुस्तकात तो पहिला होता. आज प्रकाशकांना कळवून काढून टाकला. ते चिडलेत.

आता आपण म्हणाल, त्यांनी सांगितलं ते खरं कशावरून? मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. पण मी पाहिलं होतं. त्यांच्या गुडघ्यावर वही असायची आणि मिटल्या डोळ्यांनी पेन्सिल चालत असायची. बोलणारा थांबला की थांबायची, त्याने तोंड उघडलं की पुन्हा चालायची. मी त्यांचं टक्कल लिहिलं, बूट लिहिले, उघडं तोंड लिहिलं. पेन्सिल दर वेळी गाळली. ती ठेवली असती तर कुणी हसलं नसतं.

ते जागे होते. आपल्याशी खरं बोलत होते. आपण हसलात ते माझ्यामुळे.

उद्या कामकाज सुरू झालं की हे पत्र मी त्या स्पीकरशी तोंड नेऊन हळू आवाजात वाचणार आहे. क्षमा करायची की नाही, ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा.

आपला आणि त्यांचा अपराधी,
डेनिस पार्गेटर