थांबण्याची अट

८ ऑगस्ट २००६, मंगळवार. फ्रीमाँट.

थांबण्याची अट काढली. मला न विचारता.

दुसऱ्याच एका तक्रारीचा माग काढत ब्लॉक-वाटपाच्या, म्हणजे डिस्कवरची जागा फाइल्सना वाटून देणाऱ्या, कोडमध्ये शिरलो. पाहतो तो, मी घातलेली अट एका स्विचच्या आड, आणि तो स्विच बंद. बदल करणारा निखिल. तपासणारा ब्रायन. तारीख जुलैची, दाढ काढून मी घरी पडलो होतो तो आठवडा.

निखिलला या कंपनीत मी आणला. मार्चपासून तोच माझा मॅनेजर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. यापुढे नुसते नि. लिहीन. पूर्ण नाव लिहिण्याइतका राग उतरलेला नाही.

९ ऑगस्ट, बुध.

नि.च्या केबिनमध्ये गेलो.

"काका, आधी बसा ना."
"बसायला आलेलो नाही."
"अहो, फक्त एक स्विच आहे तो. स्पीड बघा ना! लहान फाइल्स डिलीट करून नवीन बनवताना केवढा फरक पडलाय."
"मला का विचारले नाहीस?"
"तुम्ही रजेवर होतात. उगाच कशाला त्रास द्यायचा."

त्रास! ही अट काढू का, असे त्याने मे महिन्यात गाडीत विचारले होते. आम्ही एकाच गाडीने जातो. घरापासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंत मी त्याला कारणे सांगितली. प्रत्येक कारणाला "हो काका", "बरोबर आहे काका". विषय संपला असे मी धरले. कोणीही तसेच धरले असते.

ब्रायन मला तोंडावर "तू चुकतोयस" म्हणतो, फळ्यावर खोडून दाखवतो आणि मग दोघांची कॉफी आणतो. तो परका. आणि हा आपला. हा मान डोलावतो आणि पाठीमागून स्विच बंद करतो.

१२ ऑगस्ट, शनि.

सौ. म्हणाली, "चार दिवस धुमसताय. मला कळेल असं सांगा."

सांगितले, नि. नवा असताना त्याला समजावले होते तसेच. डिस्क म्हणजे मोठी सोसायटी. ब्लॉक म्हणजे त्यातली एकेक खोली, फाइल म्हणजे भाडेकरू. कुठली खोली कोणाची, हे सांगणारा सेक्रेटरी म्हणजे माझा कोड. भाडेकरू निघाला तरी त्याचा करार रद्द झाल्याची नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत खोलीची किल्ली दुसऱ्याला द्यायची नाही. हीच थांबण्याची अट.

"दिली तर?"
"दिली आणि नोंद होण्याआधी वीज गेली, तर मशीन पुन्हा सुरू होताना जुना करारच खरा धरते. जुना भाडेकरू परत येतो. खोलीत सामान दुसऱ्याचे."
"अमेरिकेत कुठे वीज जाते?"
"पाच वर्षांपूर्वी गेली होती. फ्रीजमधले सगळे तूच टाकून दिलेस."

जरा विचार करून म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पण त्या पोरावर इतकं चिडू नका. गणपतीला त्यांच्याकडे जायचंय. मोदक मी कबूल केलेत."

मोदकांचा आणि डेटाचा संबंध नाही.

१६ ऑगस्ट, बुध.

रिलीजची मीटिंग. एक हॉस्पिटल आमची मशीन घेणार आहे, एक्स-रे साठवायला. म्हणजे उद्या एखाद्याची फाइल उघडली आणि आत दुसऱ्याचे हाड निघाले तर? हे मी मोठ्याने विचारले.

नि. इंग्रजीत म्हणाला (ऑफिसात मी व्ही. के.), "व्ही. के. थोडे जास्तच सावध आहेत. मुळात ते अकाउंट्सवाले." हशा पिकला. ब्रायनसुद्धा हसला.

होय, मी बी.कॉम. आहे. सांगलीचा, प्रथम श्रेणी. बँकेच्या खोलीभर मशीनवर प्रोग्रॅमिंग शिकलो. व्हाउचर पास झाल्याशिवाय रोकड हलत नाही, हे मला विसाव्या वर्षी कळले होते. यांना डॉक्टरेट घेऊनही कळत नाही. हिशेबनीस ही शिवी कधीपासून झाली?

डायरेक्टर डायना. या कोडचा मालक म्हणून माझी मंजुरी लागते. तिने सरळ विचारले, मंजुरी आहे का? नाही म्हणालो.

"भीती नको, पुरावा दाखव. मोडून दाखव. महिनाअखेरपर्यंत."

योग्य मागणी. राग तिच्यावर नाही.

२१ ऑगस्ट, सोम.

मोडत नाही!

नवी मशीन, कोरी डिस्क. एक्स-रेची नमुना चित्रे लिहायची, पुसायची, नवीन लिहायची, मध्येच वीज तोडायची. पुन्हा सुरू करून प्रत्येक चित्र उघडायचे. सकाळपासून हेच. सगळी शाबूत.

ब्रायन म्हणाला, "व्ही. के., कदाचित प्रत्यक्षात असे होतच नसेल." होत नसेल म्हणजे काय? कागदावर मी प्रत्येक पायरी मांडली आहे. झालेच पाहिजे.

दुपारी नि.ने थर्मासमधला चहा टेबलावर ठेवला. आले घातलेला, घरचा. मी प्यायलो नाही.

अर्धा प्यायलो.

२५ ऑगस्ट, शुक्र.

आजही शाबूत. येताना गाडीत रेडिओ त्याने लावला, मी बंद केला.

२७ ऑगस्ट, रवि. गणेश चतुर्थी.

नि.कडे गेलो. सौ.च्या हट्टामुळे. दारातच तो वाकला, आधी तिला, मग मला. पाय मागे घेण्याइतका उर्मट मी अजून झालेलो नाही. पण आशीर्वाद तोंडातून निघेना. सौ.ने दोघांच्या वतीने दिला.

जेवणानंतर गॅरेजमध्ये चपला घालत होतो. मागून आला. "काका, मोदक घेऊन जा."

म्हणालो, "नमस्कार नको, मोदक नकोत. तुला पटत नसेल तर भांड माझ्याशी. पाठीमागून काय कारभार करतोस?"

आणि मग तो सुटला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"भांडू कसा? तुम्ही बोलू देता का? मे महिन्यात गाडीत मी एक वाक्य बोललो. त्यावर तुम्ही घरापासून पार्किंगपर्यंत! आणि शेवटी काय म्हणालात? 'तू अजून लहान आहेस.' ब्रायनला म्हणाल असं? मॅनेजर आहे मी तुमचा, व्ही. के.!"

घरी, गणपतीच्या दिवशी, व्ही. के. आतून त्याची बायको मृणाल, "अरे, हळू! लोक बसलेत."

"तरीही तू चुकीचे केलेस," मी म्हणालो.

"मग मोडून दाखवा ना! कोऱ्या डिस्कवर काय मोडणार? तुमचाच कोड नेहमी पुढची खोली शोधत जातो. पुढे इतक्या रिकाम्या असताना आत्ताच सुटलेली कशाला देईल तो? डिस्क भरत आली तरच..."

बोलला आणि थांबला. मीही.

मग त्याने डबा माझ्या हातात दिला. घेतला.

लिहून ठेवतो: 'तू लहान आहेस' असे मी म्हणालो असेन. तो लहान आहे. कोरी डिस्क मात्र मला सुचायला हवी होती. पुढची खोली शोधणारा कोड माझा आहे, त्याचा नव्हे. याचा राग वेगळा, आणि जास्त.

२९ ऑगस्ट, मंगळ.

डिस्क जवळजवळ भरली. नि. स्वतः आला. "प्लग मी काढतो," म्हणाला.

काढला. मशीन पुन्हा सुरू केली. पुसलेले एक गुडघ्याचे चित्र परत आले होते, ते उघडले. वरचा भाग गुडघा, खाली कोणाच्या तरी बरगड्या. मशीनने ना चूक दाखवली, ना इशारा दिला.

ब्रायनच्या तोंडून शिवी गेली. नि. पडद्याकडे पाहत राहिला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

३१ ऑगस्ट, गुरु.

डायनाने चित्र पाहिले. चेहरा उतरला. मग म्हणाली, गिऱ्हाईकाची डिस्क इतकी भरायला वर्ष तरी लागेल. आत्ता पाठवू, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. स्पीडचे आकडे त्यांना आधीच दिलेले आहेत.

मी म्हणालो, मंजुरी नाही. ती म्हणाली, ठीक, कोडचा मालक आणि त्याचा मॅनेजर यांचे एकमत नसेल तर मॅनेजरचा शब्द अखेरचा. लेबर डेच्या सुट्टीनंतर, मंगळवारी सांगा. बोलली माझ्याशी, पाहत होती त्याच्याकडे.

आधी पुरावा मागायचा, आणि पुरावा दिल्यावर कॅलेंडर दाखवायचे! याच नोकरीवर माझे ग्रीन कार्ड अजून अडकलेले आहे. सौ.ने तो विषय काढला नाही. नुसतेच पोळीवर तूप जास्त वाढले.

१ सप्टेंबर, शुक्र.

निखिल आणि मी एकत्र परतलो. गाडी तो चालवत होता. पार्किंगमधून निघताच सुरुवात केली त्याने. अट सरसकट नकोच, म्हणाला. नुकत्याच सुटलेल्या खोल्या बाजूला ठेवू, तोवर दुसऱ्या देऊ. डिस्क भरत आली की नोंदी लवकर पक्क्या करू. स्पीडही राहील.

म्हणालो, बाजूला ठेवलेल्या खोल्यांची यादी वीज जाताच पुसली जाईल, त्याचे काय?

"पुसली तर पुसली! वीज गेल्यावर जुना करारच खरा. यादी लागतेच कशाला?"

"आणि डिस्क पूर्ण भरली असेल तर?"

"तेव्हा थांबू. तुमचीच अट. पण तेवढ्यापुरतीच."

मी उत्तर शोधत राहिलो. हायवेवरची आमची एक्झिट मागे गेली. दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही.

उत्तर अजून सापडलेले नाही. सापडेल. पण त्याचे हे लिहायला आणि तपासायला महिना हवा. मंगळवारी डायना महिना विचारणार नाही, स्विच कुठल्या बाजूला एवढेच विचारणार.

घरासमोर उतरताना त्याला म्हणालो, "मंगळवारी तू नाही म्हणायचेस. गुडघा तू पाहिलास."

नेहमीचे "हो काका" येईल म्हणून दार धरून उभा राहिलो.

"मीटिंगमध्ये ऐका," म्हणाला, आणि गाडी वळवून गेला.