कावळा शहाणा निघाला

कसबा बावडा
२८ सप्टेंबर २००३

प्रिय बाळासो,

तुझ्या विसरभोळेपणाचं कौतुक सगळ्या गल्लीला आहे. शाळेत दप्तर विसरायचास, कारखान्यात डबा विसरायचास, एकदा तर जत्रेत मलाच विसरून घरी आलास आणि जेवून झोपलास. पण आजी जिती आहे का मेली, एवढंही विसरावंस म्हणजे कमाल झाली. म्हणून आठवण करून देते. मी चिमणाबाई, तुझ्या बापाची आई, अजून आहे. आज सकाळीच चहात बुडवून दोन बटर खाल्ले. मेलेली माणसं बटर खात नाहीत.

लिहितायत आपल्या समोरचे गणपतराव, पोस्टातनं रिटायर झालेले. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे, का तेही विसरलास? माझं बोलणं ते शुद्ध करून घालतात. शिव्या गाळू नका म्हणून बजावलंय, तरी चार-दोन गाळतीलच. जिथं वाक्य फार गुळगुळीत लागेल तिथं तुझ्या मनानं एक घालून वाच.

मला कळलं कसं ते ऐक. आपली झुंबरबाई वडगाव रस्त्यावरच्या त्या व्यसनमुक्तीच्या घरात भाजी पोचवते. स्टेशनावरची, स्टँडवरची माणसं आणून तिथं तीन महिने ठेवतात, त्यांची दारू सोडवतात, असं ती सांगायची आणि मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची. परवा सर्वपित्री अमावास्येला तिनं भोपळा, गवार, अळूची पानं नेली. तिथं म्हाळ होता. माणसांनी आपणच रांधलं आणि ज्यानं त्यानं आपापल्या मेलेल्यांच्या नावानं गच्चीवर पान ठेवलं. कुणी बापाचं, कुणी बायकोचं. एक दाढीवाला गडी पुढं झाला आणि म्हणाला, "माझी आजी, चिमणाबाई." झुंबरबाईच्या हातातनं टोपली सुटली. बाई तासाभरापूर्वी माझ्या हातचा चहा पिऊन गेली होती.

मग तिनं तिथल्या आचाऱ्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, भरतीच्या वहीत तसंच आहे. बाप मयत, आई मयत, आजी मयत, घर नाही. अरे, माणसाला मरायचं तर डॉक्टर लागतो, म्युन्सिपालटीचा दाखला लागतो, चौघांचे खांदे लागतात. मला तुझी एक ओळ पुरली. आणि तो लिहून घेणारा बाबा तरी कसला? कशानं गेली, कधी गेली, काही विचारायचं? आपली म्हैस मेली तेव्हा विम्याच्या साहेबानं तीन हेलपाटे घातले होते, कानातला बिल्ला दाखवा म्हणून अडून बसला होता. म्हशीएवढी तरी चौकशी माझी व्हायला हवी होती.

तिथल्या कावळ्यांना मात्र अक्कल आहे. बाकीच्यांच्या पानांवर झडप घातली आणि तुझ्या पानाकडं एकही फिरकला नाही. झुंबरबाई सांगते, तू दुपार टळेपर्यंत उन्हात हात जोडून उभा होतास. पिणार न्हाय म्हणालास, मशीन परत आणतो म्हणालास. कुणीतरी दर्भाचा कावळा करून शिवायला निघालं, तर तू करू दिला नाहीस. आणि तेव्हापासनं तू धड जेवत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस, वळकटी बांधून ठेवलीयस. म्हातारीनं माफ केलं नाही तर इथं राहून तरी काय करू, असं म्हणतोस. गाढवा, घास शिवायला आधी माणूस मरावा लागतो. कावळ्याला जे कळलं ते नववी शिकलेल्या माझ्या नातवाला कळू नये?

मशीनचं नाव काढलंस तर मीही काढते. तुझी आई गेली तेव्हा तिचं म्हणून घरात एक शिलाई मशीनच उरलं होतं. त्याच्यावर तिनं तुझी पहिली चड्डी शिवली होती, दोन्ही पाय एकाच बाजूला जोडले होते आणि हसून हसून पुन्हा उसवली होती. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. शिरोलीच्या फौंड्रीत तू साच्यात तापलेलं लोखंड ओतायचास तेव्हा तुझा हात हलत नव्हता. नंतर चहाची बशी धरवेना. तेही मी गिळलं. पण ते मशीन तू भर दुपारी हातगाड्यावर घालून नेलंस, सगळी गल्ली बघत होती, आणि मला म्हणालास की तेल घालायला नेतोय. संध्याकाळी आलास ते तूच तेल घालून. माझा राग अजून उतरलेला नाही. उतरेल अशी आशा धरू नकोस. मी पंच्याहत्तरीची आहे, आता राग हेच माझं टॉनिक.

आता पुढचं गणपतरावांना लिहायला जड जातंय, त्यांनी चष्मा काढून पुसला, पण लिहा म्हणते. मागल्या थंडीत तू स्टेशनात झोपतोस असं कानावर आलं. मी भाकरी फडक्यात बांधून गेले. तू बाकड्याखाली होतास, अंगावर सिमेंटचं पोतं. मी उभी राहिले. उठवलं असतं तर घरी आणावं लागलं असतं, आणि त्या दिवशी माझ्यात तेवढी ताकद नव्हती. म्हणून तशीच परत फिरले. भाकरी वाटेत एका कुत्र्याला घातली. कुत्र्याला घातली आणि तुला नाही. तुझ्यावर जेवढी चिडलेय ना, त्याच्या दुप्पट त्या म्हातारीवर चिडलेय. तेव्हा वहीत घर नाही लिहिलंस, ते काही खोटं नाही. ते मीच केलं होतं.

तुला बघायला आत्ता पळत यावं असं वाटतं, पण मी येणार नाही. तुमच्या त्या घराचा नियम झुंबरबाईनं सांगितला. ज्याला कुणीच नाही त्यालाच तिथं फुकट ठेवतात. तिथल्या त्र्यंबकचा भाऊ नुसता भेटायला आला, तर दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला त्याच्या हवाली केलं. तिसऱ्या दिवशी तो गुत्त्यात. कुठल्या शहाण्यानं हा नियम काढला तो मला भेटायला हवा. आजी असली म्हणजे दारू सुटते होय रे? मग तुझी पंधरा वर्षांपूर्वीच सुटली असती, लागायच्या आधी. म्हणून हे पत्र मेथीच्या जुडीत घालून पाठवतेय. वाचून झालं की चुलीत घाल.

आता ज्यासाठी गणपतरावांना दोन तास बसवून ठेवलंय ते सांगते. झुंबरबाई गेल्यावर मी रात्रभर तुला शिव्या घातल्या, जित्या माणसाला मारलं म्हणून. पहाटे आठवलं. तुझी वळकटी दाराबाहेर फेकली तेव्हा मीच ओरडले होते, "जा, आन् म्या मेले आसं समज." सव्वीस वर्षांत तुला हजार गोष्टी सांगितल्या. लवकर उठ, पोरांच्या नादी लागू नको, पिऊ नको. एक ऐकली नाहीस. ऐकायची तर नेमकी हीच? ते वाक्य मी माघारी घेते. गणपतरावांना ते ठळक लिहायला लावलंय. तू काही वहीत खोटं लिहिलं नाहीस, माझंच बोलणं उतरवलंस. आता वळकटी सोड. तीन महिने पुरे कर, तोवर मी कागदावर मेलेलीच राहते, मला त्याचा काही त्रास नाही. दिवाळी झाली की घरी ये. दाराला कडी नसेल. आणि एक राहिलं. कावळ्यानं शिवला नाही तो घास माझा होता आणि तो मला अजून पोचलेला नाही. तू स्वतःच्या हातानं रांध आणि झुंबरबाईच्या रिकाम्या टोपलीतनं पाठव. भोपळ्याची भाजी आणि दोन वडे. वडे कढीत चांगले भिजव, मला दोनच दात उरलेत. खीर नको, डॉक्टरनं साखर बंद केलीय. नवरात्राचे उपास म्हणून थांबू नकोस, मेलेल्या माणसाला उपास नसतो. आणि मीठ बघून घाल, या खेपेला खाणारी बोलणार आहे.

तुझीच,
वहीत मयत, घरात जिती,
आजी