चार लाख बाट आणि सॉसेजचे यंत्र

९ एप्रिल
चार लाख बाट बँकेत भरले. थाय बायकोचा नवरा म्हणून या देशात आणखी वर्षभर राहायचे तर एवढी रक्कम नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यात दोन महिने पडून हवी. आजवर एजंट सगळे बघायचा. यंदा मी स्वतः. इंग्लंडमध्ये, लीड्सला तीस वर्षे कारकुनी केली आहे, एक अर्ज जमणार नाही?
पासबुक आणि कार्ड उशीखाली. बायकोवर, लमूनवर अविश्वास नाही. पण तिच्या माहेरची माणसे. (राहतो त्यांच्याच घरात. तो मुद्दा वेगळा.)

२ मे
सासूबाई पहाटेच्या बाजारात आंबट सॉसेज विकतात. सगळी हाताने भरलेली. मागासलेली पद्धत. उदोन शहरात सॉसेज भरायचे, विजेवर चालणारे यंत्र पाहिले. छत्तीस हजार. मी अस्सल इंग्रजी सॉसेज करून इथल्या परदेशी लोकांना विकणार. पैसे जूनच्या आत खात्यात परत.
लमून म्हणाली, "कागदावर दोन महिने लिहिलंय. मध्ये हात लावायचा नाही."
सांगितले, सरकारी भाषा तुला कळत नाही.
कागद थाय भाषेत आहे. तरीही.

४ मे
यंत्र आले. सासूबाईंनी त्याभोवती एक चक्कर मारली. "जावईबापू, हे भातही शिजवतं का?" शेजारीण इतकी हसली की पायरीवर बसली.


१९ मे
खपली अकरा. इथल्याच एका इंग्रजाने, केनने एक खाल्ले. घरची आठवण आली म्हणाला. दुसरे घेतले नाही. उरलेली कुत्र्यांपुढे टाकली. कुत्री सासूबाईंच्या टोपलीमागे गेली.

२० मे
कळले की अकरातली दहा लमूनने माणसे पाठवून विकत घेतली होती. बाजारात ढवळाढवळ. तिला समज दिली.

८ जून
साठवलेले पेन्शन सगळे भरले. आकडा पुन्हा चार लाख. कोणाला कळतेय. या महिन्याचा घरखर्च लमून बघेल.

१० जून
अर्जासाठी जोडीने फोटो लागतात. दारावरच्या घरनंबराखाली, खोलीत, पलंगावर. लमूनला जरा हसायला सांगितले. म्हणाली, "आधी ते यंत्र मागून हलवा."

१२ जून
इमिग्रेशनच्या बाईंनी पासबुक उघडले. त्यात ओळ न् ओळ छापलेली असते. बोट मे महिन्याच्या ओळीवर थांबले. "हे काय?"
तयारी केली नव्हती. तोंडातून निघून गेले. चांगल्या थायमध्ये, उच्चारही स्वच्छ. "बायकोने काढले. तिच्या आईसाठी."
लमून माझ्याकडे बघत राहिली. मग बाईंना हात जोडले. "हो. मीच काढले. आईसाठी."
बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, खातं यांच्या एकट्याच्या नावावर आहे."
कार्ड माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावत होते. मी ते आत ढकलले. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरले.
अर्ज नामंजूर. देशात राहायची मुदत चौदापर्यंत.

१३ जून
काही लिहायचे नाही.
यंत्र पोत्याने झाकले.

१४ जून. सकाळ.
लाओसला जायचे. तिथून नवा व्हिसा, मग पुन्हा दोन महिने. खात्याला आता हात लावायचा नाही, म्हणून भाड्याचे पैसे लमूनने दिले. सासूबाईंनी केळीच्या पानात सॉसेज बांधून दिली. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.
स्टँडवर मी सुरुवात केली, "परवा मी जे..."
"बस सुटेल," लमून म्हणाली.
पासबुक तिच्यापुढे धरले. म्हटले, तू ठेव.
"तुमच्या एकट्याच्या नावावर आहे ना," ती म्हणाली. "ठेवा."
ठेवले.
लाओसच्या सीमेवरच्या पुलाअलीकडे केळीचे पान सोडले. सॉसेज चांगली होती. सगळी खाल्ली.