तुझ्या नावाचं तिकीट

१२ एप्रिल, रविवार दुपार

प्रिय वन्सं,

बघ, हात सवयीनं लिहून गेला. आता कागदोपत्री तू माझी नणंद राहिली नाहीस, तेव्हा हे खोडावं की ठेवावं याचा बराच वेळ विचार केला. ठेवलं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तुला चिडवायला मी 'वन्सं' म्हटलं होतं आणि तुला हसून हसून ठसका लागला होता. त्यानंतर दुसरं काही तोंडात बसलंच नाही.

कशी आहेस? आई कशा आहेत? त्यांच्या चष्म्याचा जवळचा नंबर वाढला असणार, मागच्या वेळीच पेपर लांब धरून वाचत होत्या. माझ्याकडे घेऊन ये म्हणणार होते, पण राहू दे. कुठल्यातरी चांगल्या दुकानात ने, नुसतं चकाचक काचा लावलेल्या नको.

मी बरी आहे. दोन खोल्या आहेत, वारा चांगला येतो. समोरच्या इमारतीतली बाई रोज तीच चादर वाळत घालते. शेजारीण भेटते, पण लिफ्ट बंद पडली तरच बोलते, त्यामुळे लिफ्ट बंद पडली की मला बरं वाटतं. दुकान आहे तसंच आहे. मालक अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला सोनेरी फ्रेमच शोभते म्हणून गळ्यात मारतात. एक नवीनच गंमत झाली आहे. रविवारी दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही, त्यामुळे सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणताना आवाज घोगरा निघतो. मालक म्हणाले, सर्दी झालीय का. मी हो म्हणून टाकलं.

पत्र बघून तुला वाटेल, हिला काय फोन मिळत नाही. फोनवर आपण दोघी 'बाकी काय' म्हणत बसतो गं. गेल्या वेळी तू आठ-दहा वेळा म्हणालीस, मी पण तेवढ्याच वेळा म्हणाले, आणि मग तुझ्या दारावर कुणीतरी आलं. खरंच आलं असेल, मी काही म्हणत नाही.

तर, मंगळवारी उन्हाळी संगीत मेळ्याची तिकिटं सुटली. तुला माहीतच आहे म्हणा.

आपली मोहीम आठवते ना? तू तुझ्या शाळेच्या ऑफिसात, मी दुकानात, दोघींच्या समोर कॉम्प्युटर आणि मांडीवर फोन. ठरल्या वेळेला दोघींनी रांगेत उभं राहायचं, जी आधी आत शिरेल तिनं दोघींची तिकिटं काढायची आणि दुसरीला ओरडून सांगायचं की सोड रांग. एका वर्षी तू एवढी ओरडलीस की हेडमास्तर धावत आले होते, कुणाला शॉक बसला म्हणून. आणि एका तासात 'सर्व तिकिटे संपली' अशी पाटी लागली की आपण कशा टेचात फिरायचो!

या वर्षी तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. उगाच खोटं कशाला बोलू, सकाळपासून काउंटरवर फोन उताणा ठेवला होता, म्हणजे उजेड पडला तरी कळेल. मालकांनी दोनदा वेळ बघायला उचलला तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलेसुद्धा.

नेमकं त्याच वेळी एक गिऱ्हाईक आलं, निवृत्त पोस्टमास्तर. गृहस्थ गोड, पण चिकित्सक. नाकावर ती तपासायची जड फ्रेम चढवून मी एकेक काच घालून बघत होते, आणि शेजारच्या पडद्यावर माझी रांग सरकत होती. एक डोळा त्यांच्याकडे, एक पडद्याकडे. त्यांच्या लक्षात आलंच. त्यांना वाटलं हाही तपासणीचाच भाग आहे. मी सगळं सांगून टाकलं. मग काय, म्हातारबुवा रंगात आले. अक्षरांचा तक्ता राहिला बाजूला, आमच्या पुढे किती लोक आहेत ते वाचून दाखवायला लागले. कितीतरी दिवसांनी माझ्या बाजूला बसून कुणीतरी माझ्याइतकंच अधीर झालं होतं. मला फार बरं वाटलं.

आणि शिरलो आत! दोन तिकिटं टोपलीत घेतली. आता तिकीट नावावरच मिळतं, काळाबाजार नको म्हणून. एका नावावर एकच, ते नाव आणि ओळखपत्राचा नंबर घालून. आधी माझं नाव घातलं. नंबर पर्समधून काढून बघावा लागला. बटण दाबायच्या आधी जरा थांबले. का थांबले ते तुला सांगते, हसू नकोस. मला वाटत होतं, पडदा म्हणेल, तुमचं तिकीट आधीच काढलेलं आहे. म्हणजे फोन केला नसलास तरी तू माझं काढून ठेवलं असशील. असं झालं असतं तर मी दुकानात नाचले असते.

हिरवी खूण आली. नाव स्वीकारलं. तिकीट मिळालं म्हणून तोंड पाडून बसलेली अख्ख्या रांगेत मी एकटीच असेन.

मग तुझं नाव घातलं. तुझा नंबर मला तोंडपाठ आहे, माझा नाही. बटण दाबलं आणि खाली बारीक लाल अक्षरात एक ओळ आली. मी बघतच राहिले. पोस्टमास्तर पुढे वाकले आणि त्यांनी एकेक शब्द नीट लावून मोठ्यानं वाचलं, "या व्यक्तीच्या नावे तिकीट आधीच काढलेले आहे." मग माझ्याकडे वळले, चेहरा कसा उजळला होता गं त्यांचा. "बाई, एवढं बारीक मी किती वर्षांनी वाचलं! हीच काच द्या मला."

मी म्हटलं, हो, हीच देते.

तू माझ्या आधी आत शिरली होतीस. मी रांगेत होते, फोन उताणा होता, आणि तू कुणालाही ओरडून सांगितलं नाहीस. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. आतल्या खोलीत काचा पुसायच्या निमित्तानं जाऊन आले.

नंतर स्वतःलाच समजावलं. दुसरं तिकीट तू तुझ्या दादासाठी काढलं असशील. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण घरात कोंडून घेतलेल्या भावाला बाहेर काढायलाच हवं, आणि ते तू नाही करणार तर कोण करणार? मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. त्याच्यावर माझा राग नाही. खरं सांगायचं तर त्याची आठवणही येत नाही. आम्ही दोघं एकमेकांना काही वाईट बोललो नाही, चांगलंही नाही, असंच सगळं संपून गेलं. तुला हे वाचून बरं वाटणार नाही, तो तुझा भाऊ आहे.

आठवण तुझी येते.

वकीलबाईंनी सगळं विचारलं होतं. कपाट कुणाचं, फ्रीज कुणाचा, पडदेसुद्धा विचारले. एक एक वस्तू वाटून झाली. तुझं काय, हे कुणी विचारलंच नाही आणि मीही मूग गिळून बसले. कुठल्या तोंडानं बोलणार होते? नवरा नको, नणंद तेवढी माझ्याकडे राहू द्या, असं म्हणता येतं का? पण तेव्हा म्हणायला हवं होतं. निदान तुला तरी.

पडद्यावर वेळ संपत आली होती. पोस्टमास्तर म्हणाले, अहो, मैत्रिणीनं तिचं काढलंय तर चांगलंच की, तुम्ही तुमचं काढा आणि जा दोघी. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पण मी काढलं. एक तिकीट.

तेव्हा मी येणार आहे, एकटी. हे तुला कळवायलाच पत्र लिहितेय. तिथं अचानक समोर आले आणि तुझा चेहरा पडला, तर ते मला बघवणार नाही. छोट्या मंचाच्या डावीकडची, नळांजवळची आपली जागा तू घे. तिथं टेकायला कठडा आहे, तुझ्या गुडघ्याला बरं पडेल. मी उजवीकडे बसेन. नकाशात नीट बघून घेतलंय, मधे आवाज सांभाळणाऱ्यांचं मोठं मचाण येतं, त्यामुळे इकडची माणसं तिकडे दिसत नाहीत. दादाबरोबर आरामात गाणी ऐक. मागं वळून बघायची गरज नाही.

मला तिकडचं काही दिसणार नाही, म्हणून लांबून हात करू नकोस. यायचं असेल तर चालत ये. आलीस तर मी काही विचारणार नाही. नाही आलीस तर तू दादाच्या वाटणीत गेलीस असं समजेन, आणि पुन्हा पत्र लिहिणार नाही.

आईंना हे सांगू नकोस, तुलाच अवघड होईल.

तिन्ही दिवस शेजारी जागा धरून बसणारी,
तुझी